शेंड्याला बिलगलेले नाकतोडे

ऑफिसात तिला सगळे शेरेबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की शेरेबाई. कीडनाशकांना परवाना देणाऱ्या त्या सरकारी खात्यात ती सव्वीस वर्षं नमुने तपासत होती, आणि जो अर्ज तिच्या टेबलावरून जाई त्याच्या समासात पेन्सिलीनं एखादा तरी शेरा असेच. 'हे कुणी मोजलं?' 'कोणत्या महिन्यात?' 'मधमाश्यांना विचारलं का?' या शेवटच्या शेऱ्यावर सगळं ऑफिस आठवडाभर हसलं होतं.

खरं म्हणजे हसण्यासारखा होता तो फॉर्म. बेचाळीस प्रश्न, आणि सगळे विषासाठी लिहिलेले. सतरावा प्रश्न असा: फवारल्यानंतर किती दिवसांत माल निम्मा उरतो? विषाला विचारायला तो ठीक. पण कुणी किडीला रोग लावणारी बुरशी घेऊन आला की घोडं तिथंच पेंड खाई. जिवंत वस्तू निम्मी कशी उरेल? अर्ज मग शेती खात्यातून आरोग्य खात्यात, तिथून पर्यावरण खात्यात आणि तिथून परत असा फिरत राही. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. इथे सहा-सहा वर्षं थांबलेले अर्ज होते. तोवर अर्जदार कंटाळे, नाहीतर बाटलीतली बुरशी तरी मरून जाई. अशाच एका अर्जावर बाईनं लिहून ठेवलं होतं, 'हे उरत नाही, वाढतं. प्रश्न बदला.'

त्यासाठी नवा साहेब यावा लागला. बाईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करायची सवय. आल्या आल्या तो जुने अर्ज काढून वाचत बसला आणि चौथ्या दिवशी त्यानं बाईला बोलावलं. आता आपली हजेरी घेणार, असं समजून ती गेली.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"मग प्रश्न तुम्हीच बदला."

सव्वीस वर्षांत तिला कुणी हे म्हटलं नव्हतं.

तीन महिन्यांत दोघांनी मिळून नवी पद्धत उभी केली. तीन खात्यांत फाइल फिरवायची नाही; तिन्ही खात्यांची माणसं एकाच टेबलाशी बसतील आणि अर्जदारालाही समोर बसवतील. परवाना एकदम मिळणार नाही, पायरीपायरीनं मिळेल. आधी बंद खोली, मग कुंपणातलं छोटं शेत, मग मोठं रान, आणि प्रत्येक पायरीवर थांबवायची मुभा. प्रश्न बेचाळीसचे अठरा झाले. त्यातला पहिला बाईनं लिहिला: जिथे सोडलं तिथेच राहतं का?

त्या टेबलाशी पहिले येऊन बसले ते मास्तर. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, किडकिडीत, खिशात कायम भिंग. गावाबाहेरच्या कुरणांवर लागोपाठ तीन वर्षं नाकतोड्यांच्या धाडी येत होत्या. विष फवारलं तर तेच गवत गुरांच्या पोटात जाणार. मास्तरांना एका मेलेल्या नाकतोड्यावर बुरशी सापडली होती, आणि चार वर्षं आपल्या मागच्या खोलीत त्यांनी ती वाढवली होती.

"विष नाही हे," ते म्हणाले. "त्यांचाच रोग आहे, त्यांनाच परत देतोय. वीस पावलांच्या पलीकडे जात नाही. मी मोजलंय."

बाईनं समासात लिहिलं, 'कुणी मोजलं? मास्तरांनी.' आणि पहिल्यांदाच त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं नाही. माणूस तिला आवडला होता.

बंद खोलीची पायरी सुरळीत पार पडली. मधमाश्या, गांडुळं, कोंबड्या, कुणाला काही झालं नाही. मग कुंपणातलं शेत. दोन एकर गवत, चहूबाजूंनी बारीक जाळी. भुकटी फवारल्यावर नवव्या दिवशी बाई आणि मास्तर पाहणीला गेले, तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते.

फाटकातून आत शिरताच बाईला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कशाचं ते कळायला थोडा वेळ लागला. नाकतोड्यांनी भरलेल्या गवतात पाऊल टाकलं की पायांपुढून ते फाडफाड उडतात. इथे काहीच उडालं नाही.

"वर बघा," मास्तर म्हणाले. आपोआपच त्यांचा आवाज खाली आला होता.

गवताच्या काडीकाडीच्या शेंड्यावर एकेक नाकतोडा होता. डोकं वर, पुढचे पाय काडीभोवती गच्च, जसं मूल आईच्या गळ्याला मिठी मारतं तसे. सगळे मेलेले. हजारो. जिथे शेंडा मोकळा नव्हता तिथे एकाच्या खाली एक असे तीन-तीन. वजनानं काड्या वाकल्या होत्या, आणि वारा नसतानाही सगळं शेत हळूच हलतंय असा भास होत होता.

बाईनं एकाला बोट लावलं. आत काही उरलेलंच नव्हतं. नुसतं टरफल, आणि सांध्यासांध्यांतून बाहेर आलेली पांढरी लव.

"मरायच्या आधी ते वर चढतात," मास्तर म्हणाले. "दुपार कलली की निघतात. बुरशीला वरून पसरायचं असतं ना. तीच त्यांना चढवते."

"त्यांना कळतं?"

मास्तरांनी खाली बोट दाखवलं. त्यांच्या गुडघ्याजवळच्या काडीवर एक जिवंत नाकतोडा चढत होता. बाईची सावली त्याच्यावर पडली तरी तो बिचकला नाही. मेलेल्यांना ओलांडत, एकेक पाय उचलत, कुणीतरी वरून हाक मारल्यासारखा तो चढत राहिला. बाईला तिथून निघून जावंसं वाटलं. पण काम ते काम. तिनं जाळीबाहेर पन्नास, शंभर आणि दोनशे पावलांवर निरोगी नाकतोड्यांचे पिंजरे ठेवायला लावले. निघताना फाटकाशी बूट उलटे करून तळवे पाहिले. स्वच्छ दिसले. ती घरी आली.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि घरात थोरली बहीण. ताईची नजर चाळिशीतच हळूहळू विझत गेली होती. कडेनं अंधार आत येत गेला, आणि आता मधला उजेडही संपला होता. आईचंही असंच झालं होतं. ताई दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि आवाजांवरून घड्याळ सांगे. एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नव्हती. गेलं वर्षभर बाई दर गुरुवारी ऑफिसातून लवकर निघत होती आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जात होती. तिथल्या हिरवळीवरच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसत होती. तिच्याही नजरेच्या कडा गळायला लागल्या होत्या. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या बाईनं हे ऑफिसात कसं सांगायचं? तिनं कुणालाच ताकास तूर लागू दिली नाही.

शेतावरून आल्याच्या बाराव्या दिवशी संध्याकाळी ताई म्हणाली, "खालचं गवत आज गप्प का गं?"

"कापलं असेल."

"कापल्याचा आवाज आला असता. कालपासून कमी होत होतं. आज कुणीच नाही."

बाई खाली गेली. इमारतीमागच्या पडीक तुकड्यात गुडघाभर गवत होतं. ती अगदी जवळ गेली, वाकली. शेंड्याशेंड्यांवर मिठ्या मारलेले नाकतोडे. कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबावर, टोकाशी, सात-आठ एकावर एक. तारेच्या गाठीवर एक रातकिडा, तोही तसाच, डोकं आभाळाकडे.

शेत तिथून चौदा मैलांवर होतं. मास्तरांची वीस पावलं!

ती तशीच वर आली, दारामागचे पाहणीचे बूट उचलले आणि दिव्याखाली धरले. स्वच्छ दिसत होते. मग तिनं तळव्यावरून काळं फडकं फिरवलं. फडक्यावर पिठासारखी पांढरी रेघ उमटली. नजरेच्या नेमक्या त्या गळलेल्या कडेत ती राहून गेली होती.

रात्र कशी गेली ते तिचं तिला ठाऊक. सकाळी ती साहेबाच्या आधी ऑफिसात हजर होती.

"माझ्या बुटांवरून गेलं," ती म्हणाली. "माझ्या घराच्या मागं."

साहेबाचं टोपण थांबलं. ही पद्धत बंद पाडायला टपलेले लोक वर बसले होते, हे दोघांनाही माहीत होतं. रोगापेक्षा औषध भयंकर, म्हणायला त्यांना एवढं पुरेसं होतं.

"पिंजऱ्यांचं काय?"

"पन्नास पावलांवरचेसुद्धा जिवंत आहेत. वाऱ्यानं जात नाही ते. माणसाबरोबर जातं."

"माणसाबरोबर कुठवर जातं, असा प्रश्न आपल्या अठरांत आहे?"

"नाही."

साहेबानं अठरा प्रश्नांचा कागद पुढे ओढला. "मग एकोणिसावा घाला," तो म्हणाला. "परवाना आजपासून स्थगित. आणि हे कुठवर गेलंय ते शोधायचं. आपल्याकडे माणसं किती?"

"चार."

"चार माणसांनी गाव कसं तपासायचं?"

उत्तर बाईनंच काढलं. खात्यानं नोटीस काढली, वर्तमानपत्रात दिली, शाळांत आणि दुकानांत लावली: कशाच्याही टोकावर चिकटून मेलेला किडा दिसला, तर हाताला कागद गुंडाळून तो काडेपेटीत घाला, जागा आणि तारीख लिहा आणि पाठवा. लपवाछपवी नव्हती, काय झालं आणि कसं झालं तेही नोटिशीत लिहिलं होतं. सरकारनं आपली चूक अशी छापलेली लोकांनी कधी पाहिली नव्हती. पहिले दोन दिवस सगळ्यांनी चेष्टा केली. तिसऱ्या दिवसापासून काडेपेट्या यायला लागल्या.

पहिल्या आठवड्यात नव्वद. मग दोनशे. शिपाई पोत्यातून आणून टेबलावर ओती. बाई हातमोजे घालून एकेक उघडे. आत किडा एकटा नसेच. ज्याला मिठी मारली होती ते सोडवता आलं नाही म्हणून लोकांनी तेही पाठवलेलं असे. झाडूची काडी. पेन्सिलीचं टोक. बाहुलीचा हात. एकीनं लिहिलं होतं, 'हा आमच्या भिंतीवरच्या घड्याळावर बारा वाजता मिनिटकाट्याच्या टोकाशी होता. काटा खाली आला तरी सुटला नाही. आम्ही घड्याळ बंद करून काटाच काढून पाठवत आहोत.' दुसऱ्यानं एवढंच: 'आणखी किती?'

त्या दिवसांत एक विचित्र गोष्ट घडली. दिवसभर काडेपेट्या उघडून बाई घरी आली, जिना चढू लागली आणि पुन्हा भानावर आली तेव्हा ती गच्चीच्या दाराशी उभी होती. दुसरा मजला कधी मागं पडला ते आठवत नव्हतं. दोन्ही हात दाराच्या कडीभोवती गच्च होते. बोटं सोडवायला तिला आपल्याच बोटांना सांगावं लागलं. खालून ताईची हाक आली, "अगं, वर कुठे गेलीस?"

दुसऱ्या दिवशी बाईनं हे आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्याही त्याच टेबलाशी बसत. त्यांनी रक्त, छाती, डोकं, सगळं तपासलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आपलं अंग गरम असतं, ही बुरशी त्यात तग धरत नाही. थकलाहात. मनाचा खेळ आहे."

"असेल," बाई म्हणाली. "पण लिहा."

विसावा प्रश्न तसा आला: हाताळणाऱ्या माणसाला काय झालं, काय वाटलं, सगळं नोंदवा.

साहेबाच्या खोलीत गावाचा नकाशा लावला होता. प्रत्येक काडेपेटीसाठी एक टाचणी. पाचशे टाचण्या झाल्यावर नकाशावर एक वाट उमटली. शेतापासून निघालेली, पडीक गवतापाशी दाट झालेली, तिथून बसथांब्यापर्यंत, थांब्यापासून ऑफिसच्या मागच्या दारापर्यंत. पाऊस होता म्हणून बाईनं ते चार-आठ दिवस त्याच बुटांनी ऑफिस गाठलं होतं. आणि एक फाटा वेगळाच. ऑफिसपासून नदीकडे, आणि तिथे एका हिरव्या चौकोनात तेवीस टाचण्या.

"हे काय आहे?" साहेबानं वाकून पाहिलं. "डोळ्यांचा दवाखाना. इथे कोण गेलं होतं?"

बाई नकाशासमोर उभी होती. आपण कुठे चालतो, कुठे थांबतो, कुठे बसून घाबरतो, ते मेलेल्या किड्यांनी भिंतीवर काढून दाखवलं होतं. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, आणि तिला ती नकोही होती.

"मी," ती म्हणाली. "दर गुरुवारी. माझी नजर जातेय, साहेब. बुटांवरची भुकटी मला दिसली नाही ती त्यामुळे."

साहेब खुर्चीत बसला. "कधीपासून?"

"वर्ष झालं. सांगायला हवं होतं."

"हो. सांगायला हवं होतं," तो म्हणाला. तो रागावला नाही, पण समजूतही घातली नाही. बाईला ते बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सूक्ष्मदर्शकावर दुसरी माणसं बसली, आणि नव्या नियमांत लिहिलं गेलं: कुठलीही पाहणी एकट्यानं करायची नाही, दोघांनी एकमेकांचे तळवे तपासायचे, फाटकाशी औषधाच्या पाण्याचा हौद, त्यातून गेल्याशिवाय बाहेर पाऊल नाही. बाईला साहेबानं प्रश्नांच्या टेबलाशीच ठेवलं. "तिथे डोळे लागत नाहीत," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून ओशाळला. बाई मात्र हसली. कित्येक दिवसांनी हसली.

घरी तिनं ताईला सांगितलं. शब्द जुळवून. ताईनं ऐकून घेतलं.

"तू जिना चढताना भिंतीला हात लावतेस," ती म्हणाली. "वर्ष झालं, मला घासल्याचं ऐकू येतं. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

ऊन तापायला लागलं तशा काडेपेट्या कमी झाल्या. साठ, मग वीस, मग आठवड्याला दोन. कोरड्या हवेत बुरशी टिकत नव्हती. उन्हाळ्यानंतर एकही आली नाही. नाकतोडे आणि रातकिडे सोडून दुसरा एकही किडा पेट्यांत निघाला नव्हता.

मग टेबलाशी पुन्हा सुनावणी झाली. मास्तर अर्ज मागं घ्यायला आले होते. त्या दिवसांत ते निम्मे झाले होते. पण कुरणावरची गुरं राखणारी एक म्हातारी त्यांच्या मागोमाग आत आली आणि उभ्यानंच बोलली.

"तुम्हाला भीती वाटली, समजलं. या वर्षी आमच्या गाईंनी गवत संपल्यावर माती चाटली. ती भीती कोण लिहून घेतंय?"

मग बाईनं तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मी घेते. सांगा."

एकविसावा प्रश्न तोच झाला: हे दिलं नाही तर कुणाचं काय होईल?

तिसऱ्या पायरीचा परवाना मिळाला, अटींसकट. वस्तीपासून लांबच्या उघड्या कुरणावरच, ऊन तापायच्या आधीचे सहा आठवडे, हौद, दोन-दोन माणसं. आणि आसपासच्या गावांत घरोघरी काडेपेट्या. पुढे दुसऱ्या खात्यांनीही ती काडेपेट्यांची पद्धत उचलली, डासांसाठी आणि झाडांच्या रोगांसाठी. सही करताना बाईचा हात थांबला होता का, असं साहेबानं नंतर विचारलं. "थांबला होता," ती म्हणाली. "थांबायलाच हवा."

पहिल्या फवारणीच्या नवव्या दिवशी ती आणि मास्तर कुरणावर गेले. चार वाजले होते. हौदापलीकडे आता तिला नुसता पिवळसर धूर दिसत होता.

"तुम्ही मोजा, मी लिहिते," ती म्हणाली.

मास्तरांनी जमिनीवर दोरीचा चौकोन मांडला आणि आतल्या शेंड्यांवरचे मेलेले नाकतोडे मोजायला घेतले. एक, दोन, तीन. आवाज सपाट होता. बाई आकड्यांमागं रेघा ओढत होती. एकशे बारावर ते थांबले.

"काय झालं?"

"एक अजून चढतोय."

दोघंही उभी राहिली. कसलाच आवाज नव्हता. त्याला बराच वेळ लागत असावा, कारण मास्तरांचा श्वास दोनदा अडकलेला तिनं ऐकला.

"पोचला," शेवटी ते म्हणाले.

"एकशे तेरा," बाई म्हणाली, आणि तिनं तो लिहिला.